पुढची बाजू

कोमलने चौथी रेघ पुसली आणि परत ओढली. मागची बाजू तीस फूट, दोन्ही बगला पन्नासच्या आसपास, दोन तिरपे कर्ण. कागदावर होतं तसं सगळं टाकून झालं होतं. राहिली होती फक्त पुढची, रस्त्याकडची बाजू. एकोणतीस. तिने आकडा टाकून बटण दाबलं. रेघ डाव्या कोपऱ्यातून निघाली, सरळ उजवीकडे गेली आणि उजव्या कोपऱ्याच्या चार फूट अलीकडे थांबली.

सकाळपासून सहाव्यांदा.

ती उठली. गोधडीवर अडीच वर्षांची सृष्टी पालथी झोपली होती. कोमलने हाताची मागची बाजू तिच्या मानेला लावली, मग पोटाला. गार होतं. टेबलफॅनचं तोंड आणखी थोडं लेकराकडे वळवून ती परत लॅपटॉपपुढे बसली. लॅपटॉप शिलाई मशीनच्या फळीवर होता आणि खालून हवा लागावी म्हणून तिने त्याच्याखाली चार वाट्या पालथ्या घातल्या होत्या. माघ सरला नव्हता, तरी दुपारी छपराचा पत्रा कडकड वाजायला लागला होता.

नकाशाच्या कोर्सच्या वहीतलं 'अडलं तर' असं लिहिलेलं पान तिने सकाळीच उघडून ठेवलं होतं. आधी एकक बघा: फूट आहे की मीटर. बघितलं. फूट-इंचाच्या मध्ये टिंब देऊ नका, ते दशांश धरतं. दिलं नव्हतं. स्नॅप चालू आहे का, रेघ नेमकी टोकालाच चिकटते का. चिकटत होती. फाइल दुसऱ्या नावाने ठेवा, बंद करा, उघडा. मशीन बंद करून चालू करा. नवीन फाइलमध्ये पहिल्यापासून काढा. तेही झालं. कोर्समधल्या कुरुंद्याच्या जाहेदाचा अशाच अडचणीसाठी फोन आला असता, तर कोमलने तिला हसत हसत दोन मिनिटांत सांगितलं असतं. गावातल्या सतरा घरांचे नकाशे तिने ह्याच लॅपटॉपवर काढून दिले होते. एकाही घराची भिंत अशी अर्ध्यात थांबली नव्हती.

आणि हे तर स्वतःचं घर होतं.

दारात सावली पडली. सासरे, संतराम, हळद शिजवायच्या कढईवरून आले होते. हात कोपरापर्यंत पिवळे. फरशीला डाग पडू नयेत म्हणून ते उंबऱ्यावरच टेकले.

"चहा टाक जरासा. झाला का नकाशा?"

"न्हाई झाला, मामा. रेघ पुरत न्हाई."

"मशीन गरम झालं आसंल. मघापासून घुरघुर करून राहिलं. झोपू दे त्याला जरा, लेकराच्या बाजूला."

"मशीनला काय न्हाई झालं. पुढची बाजू चार फूट कमी पडून राहिली."

संतराम हाताच्या पिवळ्या रेषा बघत बसले. मग म्हणाले, "चारच फूट ना? ओढून जोडून टाक की. रेघच हाय ती, भिंत थोडीच हाय?"

"ह्याच्यावरूनच मिस्त्री उद्या चुन्याची फक्की टाकणार. मग भिंतच होईल ती."

"मुजाहिद हुशार हाय. जाग्यावर बराबर करून घेतो तो. तू नुसतं छापून दे."

"आसं कसं देऊ? सतरा लोकांना दिले ते मोजून मापून, आन् आपल्याच घराचा आंदाजे?"

"तुह्या मशीनपायी सकाळचा मुहूर्त जाईल, माय."

ते उठले आणि कढईकडे निघून गेले. चहाचं आधण कोमलने बोलता बोलताच ठेवलं होतं. ते दिसत असूनही त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

तिने गॅस बंद केला. पानावरची शेवटची ओळ राहिली होती: काहीच जमलं नाही तर एकेक माप काढून टाका आणि बाकीचं जुळतं का बघा. कोर्सचे सर म्हणायचे, कॉम्प्युटरला शिव्या देण्याआधी टेप कुणी धरला ते विचारा. वर्ग हसायचा.

तिने मागची बाजू वगळून बघितली. गोंधळ वाढला. डावी बगल वगळली. तसंच. कर्ण वगळले, तर आकृती खाटेसारखी डगमगायला लागली. मग तिने पुढची बाजू काढून टाकली. एकोणतीस हा आकडाच काढून टाकला.

बाकीची पाचही मापं इंचाला इंच जुळली.

स्क्रीनवर आता तीन बाजू होत्या आणि पुढे मोकळी जागा. अंतर मोजायचं बटण दाबून तिने एका कोपऱ्यावर क्लिक केलं, मग दुसऱ्यावर. आकडा उमटला. तेहतीस.

पुढे तेहतीस. मागे तीस.

कोमलचा हात आपोआप गोधडीकडे गेला. सृष्टीच्या तळपायाला लागला आणि तिथेच राहिला.

पुढे निमुळती, मागे रुंद ती गोमुखी जागा. ती राहायला चांगली. पुढे रुंद ती व्याघ्रमुखी. तिथे दुकान चालतं, घर नाही. हे तिला बीएससीत कुणी शिकवलं नव्हतं. मागच्या वैशाखात ह्याच पत्र्याखाली सृष्टीला ताप चढला, डोळे वर गेले, दातखीळ बसली. नवरा, स्वप्निल, धरणावर ड्यूटीला, सिद्धेश्वरला. संतरामांनीच शेजारच्याची मोटारसायकल काढून दोघींना कळमनुरीला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, तापाचा झटका आहे, ह्या वयात येतो, गारव्यात ठेवा. कोमलला ते समजलं होतं. तरी त्यानंतरच्या रात्री मोबाइलवर ती वास्तूचं काय काय बघत गेली, आणि जे बघितलं ते मनातून निघालं नाही. घर बांधायचं ठरल्यावर तिने दोन जागा नाकारल्या. दुसरी चांगली रस्त्याला लागून होती. "वाघाच्या तोंडात लेकरू घेऊन मी न्हाई जाणार," असं ती सगळ्यांसमोर बोलली होती.  तिसऱ्या जागेची मापं संतरामांनीच आणून दिली होती, सिमेंटच्या गोणीच्या कागदावर लिहून.

तिने मुजाहिद मिस्त्रीला फोन लावला.

"बोला वयनी. नकाशा झाला का?"

"होईल. आपल्या जागेचा टेप कुणी धरला होता?"

"मीच. मामा होते की संगं. काहून?"

"पुढची बाजू तेहतीस हाय ना?"

तिकडे कुणीतरी लोखंड कापत होतं. मिस्त्री बाजूला गेला असावा. आवाज कमी झाला.

"हे बघा वयनी. मामानं सांगितलं होतं, वयनी विचारतील तं एकोणतीस सांग. आता तुमी विचारलंच न्हाई, तुमीच सांगून राहिल्या. मंग मी काय खोटं बोलू?"

"कर्ण तर खरेच लिहिलेत."

"ते मी म्हणलं त्यायला. मामा म्हणले, तिरपं माप कोण बघतंय." मिस्त्री हसला, मग हसणं आवरून म्हणाला, "रागावू नका त्यायच्यावर. म्हणत होते, पोरीचं मन खातंय, आन् वैशाखाआधी स्लॅब पडला पायजे. तिसरी जागाबी गेली तं पुढचा उन्हाळाबी पत्र्यातच. तकलीफ लेकराला हाय ना, वयनी."

"उद्या किती वाजता येता?"

"तुमी म्हणाल तवा. येऊ का नको, ते सांगा फक्त."

"संध्याकाळी सांगते," असं म्हणून तिने फोन ठेवला. 

पाचच्या सुमारास ऊन उतरल्यावर तिने सृष्टीला कडेवर घेतलं, खुंटीवरचा टेप घेतला आणि कढईपाशी जाऊन उभी राहिली.

"मामा, चला. टेप धरायचाय."

"आता? हळद उतरायचीय."

"धा मिनिटं लागतील."

संतरामांनी तिच्याकडे बघितलं, मग टेपकडे. गड्याला काहीतरी सांगून ते तिच्या मागोमाग निघाले. जागा दोन गल्ल्या सोडून होती.  वाटेत सृष्टी दिसेल त्या कोंबडीला हाका मारत होती.

डाव्या कोपऱ्यावर हद्दीचा दगड होता, चुन्याने रंगवलेला. कोमल तिथे उभी राहिली. संतराम टेपचं टोक घेऊन उजवीकडे गेले आणि रुईच्या एका दाट झुडपाला पाठ लावून थांबले. सृष्टी कडेवरून उतरून त्यांच्या धोतराला धरून गेली होती. टेप ताणला गेला. कोमलने खाली बघितलं. एकोणतीस.

"भरलं का बराबर?" संतरामांनी विचारलं. ते टेपकडे बघत नव्हते. रस्त्यापलीकडच्या पत्र्यांकडे बघत होते.

ती उत्तर द्यायच्या आत सृष्टीने रुईच्या फुलाकडे हात नेला.

"मामा! रुई! तिचा हात काढा, चीक डोळ्यात जाईल!"

संतराम झटकन वळले. टेप सोडून त्यांनी नातीला उचललं आणि खांद्याने झुडूप मागे रेटलं. फांद्या आडव्या झाल्या. त्यांच्या मागे, चार फुटांवर, चुन्याने रंगवलेलं दगडाचं डोकं वर आलं.

टेप सरसरत कोमलच्या हातातल्या डबीत परत आला.

संतरामांनी फांद्या सोडल्या नाहीत. तसेच खांदा लावून उभे राहिले.

"तिचा हात बघा आधी," कोमल म्हणाली. "चीक लागला का?"

"न्हाई लागला." त्यांनी सृष्टीची इवलीशी मूठ उघडून, बोटं एकेक करून बघितली, धोतराच्या सोग्याला पुसली. मग मान वर न करताच म्हणाले, "त्या दिवशी मोटारसायकलवर तू मागं बसली व्हतीस. लेकरू तुह्या मांडीत व्हतं. म्या आरशात तुहं तोंड बघितलं व्हतं, माय. आणखी एक वैशाख मला न्हाई सोसायचा."

 कोमल टेप दगडावर ठेवून आत चालत गेली. जागेच्या मागच्या अंगाला, जिथे नकाशात तिने पुढच्या अंगणाकडे तोंड असलेला स्वयंपाकाचा ओटा काढला होता, तिथे अंदाजाने थांबली. दोन पावलं उजवीकडे सरकली. वळून रस्त्याकडे तोंड केलं.

"मामा, तिला खाली ठेवा. बोट सोडू नका पण."

त्यांनी ठेवलं.

"आता मागं सरका."

संतराम एक पाऊल मागे गेले. "इथं?"

"आणखी."

सृष्टीला हा खेळ वाटला. ती आजोबांचं बोट धरून उलटी चालायला लागली आणि खिदळली. झुडपाला वळसा घालून दोघं मागे मागे गेली.

"इथं?"

"आणखी. दगडापोतर."

टाच दगडाला लागली तसे ते थांबले. कोमल डोळ्यांवर हात धरून बघत होती. पुढचं अख्खं अंगण, ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तिने तो पार जाईपर्यंत श्वास धरला. धूळ बसली. दोघं जिथल्या तिथे होती, एक उंच, एक बुटकं, आणि मध्ये आड येणारं काही नव्हतं.

"दिसून राहिलो का?" संतरामांनी ओरडून विचारलं.

"दिसून राहिले."

"मंग? मुजाहिदला काय सांगू?"

"सातला या म्हणावं. ऊन व्हायच्या आत." तिने समोर, खिडकी येईल तिथे बघितलं. "आन् म्हणावं, वट्ट्यापुढची खिडकी मोठी लागंल."

"केवढी?"

तिने दोन्ही हात पसरून दाखवले. मग आणखी थोडे पसरले.