थंड सकाळ आणि जाड तेल

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी किल्ली फिरली आणि इंजिन नुसतंच कण्हलं. मी त्या इंजिनात खोचलेली, तेल बघायची काडी बोलतेय.

कारखान्यात माझ्या टोकाला दोन खुणा केल्या, एक कमी तेलाची, एक भरपूर तेलाची. तेव्हापासून मी नळीत अंधारात उभी आहे. माणसं मला ओढून काढतात, फडक्याने पुसतात, परत खुपसतात, परत काढतात. एकदा बघून त्यांचं समाधानच होत नाही.

आमची गाडी या घरात जुनीच आली. घरात आजोबा, सूनबाई आणि दीड वर्षांची चिमी. चिमीचे बाबा कामाला परगावी. गारठ्यात चिमीला धाप लागते आणि दवाखाना लांब, म्हणून सूनबाई भीतभीत का होईना, गाडी चालवायला शिकली.

आजोबांनी जन्मभर ट्रक चालवला. मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतः वाकून तेल बदललं, ट्रकला घालायचे तसलंच जाड. "नातीची गाडी आहे, पाण्यासारखं पातळ कशाला घालू?" म्हणाले. मला काढून बघितलं तर तेल बरोबर वरच्या खुणेला. खूश झाले. तेल किती आहे ते मी दाखवते. कसं आहे ते मला कुठं सांगता येतं?

आणि त्या सकाळी चिमीची छाती सूं सूं वाजायला लागली. तेल तळाशी घट्ट होऊन बसलेलं. किल्ली एकदा, दोनदा, तीनदा फिरली. चौथ्यांदा इंजिन लागलं, पण वरपर्यंत तेल पोचेतो कोरडंच टकटक करत राहिलं. सूनबाई पुटपुटत होती, "चल गं बाई, चल."

दवाखान्यात वाफ दिल्यावर चिमी झोपली. तिला मांडीवर घेऊन सूनबाईने गाडीतली पुस्तिका काढली आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली.

घरी येऊन म्हणाली, "बाबा, यात पाच डब्ल्यू तीस लिहिलंय. आपण घातलंय वीस डब्ल्यू पन्नास. पहिला आकडा लहान असला की गारठ्यात तेल लवकर वाहतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा."

"सातवी शिकलीस आणि मला तेल शिकवतेस होय गं?"

"शिकवत नाही, बाबा. पण तुमची बीपीची गोळी चिमीला द्याल का?"

आजोबा झोपलेल्या चिमीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "मी तिच्या चांगल्यासाठीच केलं गं."

"माहितीये की. आता बदलायचं पण तुम्हीच. मला कुठं येतंय?"

दुपारी आजोबांनी सगळं तेल काढलं, फिल्टर बदलला. डब्यावरचा आकडा सूनबाईने दोनदा वाचून दाखवला, त्यांनी दोनदा ऐकला, मगच ओतलं.

दुसऱ्या दिवशी गारठा आणखी वाढला होता. पण किल्ली फिरली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. आजोबा दारात उभे होते. "सावकाश जा गं," एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसत आत गेले.

आता माझं वय झालंय. खुणा पुसट झाल्यात, पण दिसतात. तुम्हाला एकच सांगणं: गाडी असलेलं कोणी भेटलं, की तेल घालण्याआधी पुस्तिकेतला आकडा बघायला सांगा. भावाला सांगा, शेजाऱ्याला सांगा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगायचं असेल, तर जवळ बसून सांगा.