सवतीच्या गळ्यातली भागूबाई

मित्रांनो, चांदीचा एक जुना टाक तुमच्याशी बोलतो आहे. नखाएवढा पत्रा, त्यावर उठावाची बाई, वर दोरा ओवायला कडी, एवढाच माझा पसारा. वरवंडच्या भागूबाई बाळंतपणात गेल्या. त्यांच्याच जोडव्यांची चांदी आटवून दौंडच्या सोनारानं मला घडवलं. एका मरणातून माझा जन्म झाला, त्यात आनंद मानावा असं काही नव्हतं.

त्यांच्या मालकांनी, पोपटरावांनी, पुन्हा लग्न केलं. आमच्या धनगरवाड्यात रीत अशी, की पहिली बायको गेलेली असली तर तिचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा. नव्या नवरीचं नाव म्हाळसा. खंडोबाच्या घरी म्हाळसा पहिली आणि आमची बाणाई दुसरी. इथं नेमकं उलटं झालं, म्हणून बायकांनी मांडवातच तिला चिडवून घेतलं. ती हसली नाही. तिचे डोळे माझ्यावर खिळले होते.

तिला माझी फार भीती वाटायची. नवं लुगडं आधी मला लावल्याशिवाय ती नेसत नसे. पहिला घास माझ्यापुढं धरून म्हणायची, "जेव आक्का." हातावर तेल उडालं तरी मलाच विचारी, "आक्का, माजं काय चुकलं?" खरं सांगू? मी चांदी, मला काय कळणार! पण वर्षानुवर्षं कुणी एकाच नावानं हाक मारत राहिलं, तर आतून कुणीतरी ओ देऊ लागतं. माझ्या आतही कुणीतरी होतं. बाळ रडलं की ते जागं व्हायचं.

ते बाळ म्हणजे भागूबाईंची लेक, अपेक्षा. म्हाळसानं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, पण तिच्या तोंडी 'आई' हा शब्द येऊ दिला नाही. "मावशी म्हन. तुजी आई हितं ऐकती हाय," म्हणायची आणि मला घाईनं पदराखाली झाकायची. पोरीला वाटलं, मावशीला आपण परक्याच. तो सल तिच्या मनात राहून गेला.

अपेक्षा शिकत गेली. पुण्याहून थेट न्यूझीलंडच्या विद्यापीठात पोचली आणि माओरी व इतर आदिवासी समाजांच्या संस्कृतीवर एम.ए. करू लागली. सुट्टीत घरी आली तेव्हा जेवता जेवता तिनं मला मागितलं.

"मावशी, तिकडं माओरींच्या सभाघरात लोक आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो समोर मांडत्यात. त्यांच्याशी बोलत्यात, रडत्यात. माझ्याकडं आईचा फोटो न्हाई. हा टाक दे. माझा प्रबंधबी ह्याच्यावरच हाय."

म्हाळसानं मला मुठीत धरलं. "टाक काय लोकांना दावायची वस्तू हाय व्हय? गळ्यातनं काढला आन् घरात काय इपरीत झालं म्हंजी?"

"आई माझी हाय, मावशी. तुझी न्हाई."

म्हाळसानं ताट सारलं आणि ती मेंढरांच्या वाड्याकडं निघून गेली. मेलेल्या बाईपायी जिवंत घर मोडतं आहे, हे मला सोसवत नव्हतं. आतलं कुणीतरी तळमळत होतं, पण चांदीला तोंड कुठलं!

निघायच्या दिवशी गाडी दारात आली. म्हाळसानं दोरा सोडला आणि मला अपेक्षाच्या गळ्यात बांधलं.

"अभ्यासाला देत न्हाई मी. तिकडं तुजं कोन हाय? आक्का संगं असू दी."

"आन् घरात काय झालं तर?"

"माजं काय व्हायचं ती हुईल."

जिला जन्मभर भ्यायली, तिच्याच हवाली तिनं लेक केली. अपेक्षा गाडीत बसून केडगाव मागं पडेपर्यंत रडत होती.

त्या परदेशी सभाघरात मला फोटोंच्या रांगेत ठेवलं. एक माओरी आजी जवळ बसून माझ्यासाठी रडली. माझ्याजवळ बसून न भिता रडलेली ती पहिलीच बाई. मग तिथल्या रिवाजाप्रमाणे अपेक्षा आपला डोंगर, नदी, माणसं अशी ओळख सांगायला उभी राहिली. "माझा डोंगर जेजुरीचा, नदी भीमा. माझी एक आई भागूबाई, ती इथं आहे. दुसरी आई म्हाळसा, ती वरवंडला आहे."

मला पुन्हा गळ्यात बांधून बाहेर आल्यावर तिनं घरी फोन लावला आणि तेच शब्द ऐकवले. पलीकडून म्हाळसा कुजबुजली, "हळू बोल गं, आक्का ऐकंल!"

"ऐकू दी," अपेक्षा म्हणाली.

मी ऐकलं, मित्रांनो. गेलेल्या माणसांना जरूर जपा, पण त्यांच्या भीतीनं जवळच्यांची माया झाकून ठेवू नका. मला हे म्हाळसाला सांगायचं आहे, पण माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही कधी वरवंडला गेलात, तर तिला एवढा निरोप द्या, की आक्का रागावली नव्हती. कधीच नव्हती.