मोबाईलनं पाडलेली पोर

केदिरी शहरातल्या आमच्या मदरशाच्या फाटकाशी मी टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळून विकतो. माझी शाळा चौथीतच सुटली, पण माझ्या मस्रुरानं कुराणाचे तीसच्या तीस पारे तोंडपाठ केले. अन् त्या मुडद्या मोबाईलनं तिला नापास केलं!

यंदापासून अर्धं शिक्षण चटईवर, अर्धं मोबाईलवर. परीक्षाही तशीच. चटईवर बू न्याई ऐकतात, आमच्या थोरल्या गुरुबाई. त्यांची रीत अशी, की आयत संपली की पोरीनं मान खाली घालून थांबायचं. त्यांनी काठी टेकवली की पुढची म्हणायची. सहा वर्षं पोरगी अशीच शिकली. बाकीच्या पोरी मोबाईलपुढं न थांबता म्हणत गेल्या, ही तिथंही थांबली बिचारी. दर खेपेला त्यानं लिहिलं, 'विसरली'.

माझं डोकंच सणकलं. तेलाच्या हातानं ऑफिसात शिरलो. मोबाईलचं सगळं बघणारा फिक्री उस्ताद खुर्चीत बसलेला.

"सारिजानकाका, मशीनला रीतभात कळत नाही हो."

"तुला तर कळते ना? तूही त्याच चटईवर शिकलास की!"

"पण गुण बदलता येत नाहीत. पुढच्या वर्षी बसेल ती."

"वर्ष काय तुझ्या बापाचं आहे?"

मस्रुरा दारात रडत होती. "बाबा, चला ना. लाज वाटते."

"लाज याला वाटू दे!"

माझा आवाज ऐकून बू न्याई आल्या. सगळं ऐकून घेतलं. पास झालेल्या पोरींच्या उद्याच्या सत्कार समारंभाची यादी फिक्रीनं सहीसाठी पुढं केली. एक्केचाळीस पोरींची नावं. बू न्याईंनी पेनला टोपण लावलं.

"अर्धे गुण तुझ्या मशीनचे, अर्धे माझे. तुझ्या अर्ध्यानं ही एक पडली. माझं अर्धं कुणालाच मिळणार नाही."

"बू न्याई, मांडव घातलाय! सुराबायाहून पाहुणे निघालेत!"

"येऊ देत. चहा पितील अन् जातील."

फिक्रीला घाम फुटला. तीन फोन झाले, अन् न बदलणारे गुण रद्द झाले! परीक्षा तिथंच पुन्हा घेतली, माणसाच्या कानांनी. पोरीची एक चूक निघाली नाही. नाव यादीत चढलं, मग सही झाली.

बाहेर आल्यावर फिक्री हसत म्हणाला, "काका, झालं ना आता? दोन टेम्पे द्या."

"आधी पोरीची माफी माग."

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं!" मी झारा आपटला. "नापास केलंस तेव्हा अख्ख्या मदरशाला ऐकू गेलं होतं."