टपाल्या कासवाचं पत्र

नऊ वर्षं धाकटी मूग गिळून गप्प होती. एवढे मूग पोटात साठले की कधीतरी बाधणारच.

धाकटीने लिहिलेल्या पहिल्या गोष्टीची वही थोरली बहीण प्रकाशकाकडे घेऊन गेली होती. "तू पडलीस लाजाळू, मी बोलते," म्हणाली. पुस्तक आलं ते थोरलीच्या नावाने. धाकटीने जाब विचारला तर म्हणे, "नाव घरातच राहिलं ना?" धाकटीला लिहिल्यावाचून राहवेना, आणि प्रकाशकाला तर थोरलीच ठाऊक. दरवर्षी एक पुस्तक होत गेलं. थोरली हारतुरे घ्यायची. आतलं पान मात्र तिने एकदाही उलटलं नाही, आणि धाकटीने हे नीट लक्षात ठेवलं.

गोष्टींचा नायक टपाल्या कासव. त्याच्या पिशवीत पहिल्या पुस्तकापासून एक बंद पत्र होतं. ते कुणाचं, हे धाकटीने नवव्यातही सांगितलं नव्हतं.

आज वाचनालयाचं सभागृह मुलांनी भरलं होतं. थोरली व्यासपीठावर, धाकटी तिच्या मागे पाण्याची बाटली सांभाळत. पहिल्याच मुलीने विचारलं, "ते पत्र कुणाचं आहे?"

थोरली गोड हसली आणि मागे कलली. "अगं, कुणाचं?"

धाकटी पुढे वाकली. याच प्रश्नाची ती वाट पाहत होती.

"त्याच्या आईचं," ती कुजबुजली. "घरी वाट बघतेय म्हणून सांग."

थोरलीने गळा दाटून आणत माइकमध्ये सांगितलं. पुढच्या रांगेतली एक दात पडलेली पोर उभी राहिली.

"पण त्याची आई दुसऱ्या पुस्तकातच वारली. तुम्हीच लिहिलंय."

"मी रडले होते तेव्हा," शेजारची म्हणाली.

"अरे, गंमत केली मी," थोरली म्हणाली.

"आईची कुणी गंमत करतं का?" सभागृहात गलका झाला. त्यातून पहिल्या मुलीचा आवाज आला, "तुम्ही तुमची पुस्तकं वाचत नाही का?"

थोरलीने मागे वळून पाहिलं. तो चेहरा बघून धाकटीला इतकं बरं वाटलं, की तिला स्वतःचीच जरा भीती वाटली. तिने बाटली खाली ठेवली आणि माइक हातात घेतला.

"पत्र टपाल्यानेच लिहिलंय," ती म्हणाली. "खाली नाव घालायची हिंमत होत नव्हती, म्हणून इतकी वर्षं नुसतं वाहत राहिला."

मग तिने मुलांना आपलं नाव सांगितलं.