कावळ्यासमोर दिलेला शब्द

"चालले आबा. सासूबाई वाट बघत आसतील," संभाजीराव म्हणाले, तसे चहाच्या टपरीवरचे दोघेतिघे हसले.

"कैदाशीण हाय ती," आबाजी कप ठेवत म्हणाले. "आज मालिकेचा शेवटचा भाग. मेली तर बरं."

"मग बघता कशाला? त्यापरीस पिच्चर बघावा. तीन तासात मोकळं."

"तुमच्या पिच्चरमधला हिरो साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाबरोबर पडतो अन् भांग न मोडता वर येतो. पडून बघा एकदा."

आबाजी मालिका का बघतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या तोंडावर कुणी बोलत नसे.

सोमेश्वरनगरात आबाजींनी चाळीस वर्षं पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून दिलं. हातानं काम करणाऱ्या माणसाला खोटं काम लगेच दिसतं. सातच्या मालिकेत त्यांना दुसरं काही दिसतच नसे. बायको तानूबाई मात्र चार वर्षं एकही भाग चुकवत नव्हत्या. शेजारची साखरबाई यायची. दोघी शेंगा फोडत बसायच्या आणि आबाजी मागून बोलत राहायचे. त्या मालिकेतली सासू शेवटपर्यंत हलकटच राहणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

"सुधारंल ती," तानूबाई म्हणायच्या. "तुमी मानसाला लगीच मोडीत काढता."

आठ महिन्यांपूर्वी तानूबाई गेल्या. दहाव्याला नीरा नदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. बाभळीवर सातआठ कावळे होते, खाली एकही येईना. मुलगा सौरभ हात जोडून म्हणाला, "आई, आबांना अंतर देनार न्हाय." कावळे हलले नाहीत. तानूबाईंच्या भावानं भाचरांचं सगळं करीन म्हणून सांगितलं. उन्हं चढली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा साखरबाई पुढं आली.

"आबा, तिचा जीव मालिकेत आडकलाय. शेवट बघायचा ऱ्हायला तिचा."

सगळी भावकी उभी होती. आबाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ते पिंडापाशी वाकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "शेवटपातुर बघीन मी."

कावळा आला.

"भूक लागली आसंल त्याला," घरी परतताना आबाजी म्हणाले. पण शब्द दिला होता. त्या दिवसापासून त्यांनी एकही भाग चुकवला नाही. भाचीच्या लग्नातूनसुद्धा ते अक्षता पडल्या तसे घाईनं निघून आले होते.

आजही ते सातच्या आत घरी पोचले. सून राजनंदिनीनं टीव्ही लावून ठेवला होता. साखरबाई सुपात शेंगा घेऊन बसली होती. आबाजी खुर्चीत टेकले आणि पडद्याकडं बघून बोलू लागले.

"बघ. चुलीपुढं नथ घालून बसलीया. धुरात."

"आवो, ऐकू द्या की," साखरबाई म्हणाली.

"काय ऐकायचं? चार शब्दांत तीनदा 'लई' म्हनलं की गाव झालं, आसं वाटतंय यांना. हितं कोन बोलतंय आसं? आन् त्यो ऊस बघ. कमरंतनं तोडला. साखर बुडख्यात आसती, तीच रानात ठिवली शहाण्यानं."

जाहिराती झाल्या. मग सासू सुनेच्या दारात येऊन उभी राहिली. सून पाणी घेऊन आली. मग तिनं सुनेच्या डोक्यावरची पाण्याची घागर उतरवून आपल्या कमरेवर घेतली आणि पुढं होऊन घरात गेली.

साखरबाईनं डोळ्यांना पदर लावला. "तानू म्हनलीच हुती."

"भिकार," आबाजी म्हणाले. "घागर रिकामी हुती. भरल्याली आशी उचलती व्हय कोन?"

नावं वर सरकू लागली. राजनंदिनीनं विचारलं, "आबा, बंद करू?"

"सगळी नावं जाऊ दे."

सकाळी ते टपरीवर गेले नाहीत. लुना काढून नीरेच्या काठी गेले. बाभळीवर तीन कावळे होते. त्यांतला तो कुठला, हे कळायला मार्ग नव्हता. आबाजींनी चतकोर भाकरी दगडावर ठेवली.

"सुधारली ती," ते म्हणाले. "तू म्हनलीस तसंच झालं."

एकही कावळा खाली आला नाही. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी तेच पुन्हा जरा मोठ्यानं सांगितलं.

मग लुनाकडं वळता वळता म्हणाले, "ऊस मातुर चुकलाच त्यांचा."

आणि मागं न बघता त्यांनी लुना चालू केली.