धाकटीच्या गोळ्या

"तुमच्या गोळ्या आजपासून बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझं पाकीट त्यांनी टेबलाच्या खणात टाकलं. शेजारी माझी धाकटी जाऊ बसली होती. तिला मात्र पुढच्या महिन्याचं पाकीट मिळालं. टीबी आम्हा दोघींना एकाच आठवड्यात निघाला, गोळ्या एकाच दिवशी सुरू झाल्या, आणि आता ही बाई पास, मी नापास.

"बंद का?"

"तुमच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघालाय. लिव्हरला सूज आहे, डोळे किती पिवळे झालेत बघा. टीबीच्या गोळ्यांनी ती आणखी वाढेल. सूज उतरली की एकेक गोळी परत सुरू करू. या सीवरही औषध आहे, पण ते नंतर."

"पण मला आला कुठून?"

"कधी रक्त चढवलं होतं?"

चढवलं होतं. मुलाच्या वेळी, दोन बाटल्या. त्याला झाली पंचवीस वर्षं. धाकटीची दोन्ही बाळंतपणं सुरळीत झाली होती. तिचं सगळंच मेलं सुरळीत.

खरं सांगते, तिचं चांगलं झालेलं मला कधी बघवलंच नाही. कारखान्यात तिला चिकटवली मी, शर्टाला कॉलर लावायला शिकवलं मी, तरी कुणी तिच्या हाताचं कौतुक केलं की मला जेवण जायचं नाही. माझ्या गोळ्या बंद झाल्यावर तर कहरच झाला. तिचा खोकला थांबला, गाल वर आले, कामावर जायची परवानगी मिळाली. आणि सुपरवायझरनं तिला बसवलं कुठं? माझ्या मशीनवर. वर मलाच फोन करून म्हणतो, "ताई, महिनाअखेरपर्यंत या, नाहीतर तिलाच कायम करतो." अठरा वर्षं त्या मशीनवर मान मोडली होती मी.

मी म्हटलं, या गोळ्यांनीच सुधारली ना ही? मग मला का नाही? ती आंघोळीला गेली की तिच्या कपाटातलं पाकीट काढायचं, त्या दिवसाच्या गोळ्या फोडायच्या आणि घशाखाली ढकलायच्या. एक दिवसाआड. उलट्या व्हायच्या, तरी रेटलं. ती काही बोलली नाही. वेंधळीच ती, तिच्या काय लक्षात येणार, असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी परत दोघी दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट दोनदा पाहिला. "सूज उतरायला हवी होती, ही तर दुप्पट झालीय. काही घेतलंत का?"



"मी दिल्या," धाकटी म्हणाली. "माझ्यातल्याच गोळ्या. त्यांचे हाल बघवेनात."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. खोटं बोलतेय, तेही माझ्यासाठी. म्हणजे चांगुलपणातसुद्धा हिनंच पुढं राहायचं.

"तिनं दिल्या नाहीत," मी म्हणाले. "मी चोरल्या. तिचं बरं चाललेलं बघवत नव्हतं म्हणून."

डॉक्टरीणबाई आता मला फाडून खाणार, असं वाटलं. पण त्या धाकटीकडे वळल्या. "मग त्या दिवशी तुम्ही काय घेतलंत?"

"काही नाही."

"असे किती दिवस?"

"सात."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं, ताई. घरात सांगितलं असतं तर सगळे तुमच्यावर तुटून पडले असते. आणि इथं जास्तीच्या मागायच्या तर कारण काय सांगू?"

डॉक्टरीणबाई दोघींनाही बोलल्या, चांगल्या बोलल्या. धाकटीचं काम बंद केलं. थुंकी पुन्हा तपासायची म्हणून तिच्या हातात प्लास्टिकची डबी दिली.

बाहेर येऊन मी सुपरवायझरला फोन लावला. "ती काही दिवस येणार नाही. पण मशीन तिच्यासाठीच ठेव. चूक माझी आहे." त्या मशीनसाठी अजूनही जीव तुटत होता. तरी म्हटलं.

दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. थुंकी येत नव्हती. तिला येऊच नये असं मला वाटलं, अगदी मनापासून. मग तिनं खोल श्वास घेतला आणि खोकली. एकदा, दोनदा. मध्यंतरी थांबलेला तोच ओला खोकला होता. मी जवळ गेले तशी तिनं डबीचं झाकण घट्ट लावलं आणि मला आत काय ते दिसू नये म्हणून ती मुठीत झाकून धरली.