नंबर नक्की कुणाला लागलाय

भिंगकाकांनी उभ्या आयुष्यात स्वतःसाठी एकच नवी गाडी घेतली आणि तिच्या नंबराची बेरीज तेरा आली.

ही बेरीज काकांनी केली नव्हती. बाजारात त्यांचं चष्म्याचं जुनं दुकान होतं, निम्म्या गावाच्या नाकावर त्यांनीच फ्रेम चढवली होती, त्यामुळे लोक त्यांना भिंगकाका म्हणत. नंबर म्हटलं की त्यांना डोळ्याचाच नंबर आठवायचा. स्वतः मात्र ते बिनचष्म्याचे होते आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. "आमचे डोळे अजून कोवळे आहेत," असं ते गिऱ्हाइकाला सांगत आणि समोरच्या सुरकुतलेल्या डोळ्यांकडे कौतुकाने बघत.

बेरीज केली ती काकूंच्या थोरल्या बहिणीने. या ताई पलीकडच्या गल्लीत राहायच्या, पण दिवसातला बराच वेळ धाकट्या बहिणीच्या घरात नाहीतर दुकानात काढायच्या. गाडी दारात येऊन उभी राहिली. पांढरीशुभ्र, आतून नव्या प्लास्टिकचा वास येणारी. काकू हरखल्या, शेजारीपाजारी डोकावून गेले. ताई मात्र गाडीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि बोटांची पेरं मोजू लागल्या.

"पाच, तीन, एक, चार. तेरा होतात," त्या म्हणाल्या. "परत करून टाका."

"ताई, गाडी म्हणजे काय साडी आहे, रंग जातो म्हणून परत करायला?" काका म्हणाले.

"गाडी नको, नंबर परत करा."

काकांनी नुसतं हसून सोडून दिलं. पण पहिल्याच आठवड्यात घराच्या फाटकाच्या खांबाने गाडीचा डावा आरसा काढून घेतला. मग बाजाराच्या कोपऱ्यावर एका हातगाडीला गाडीचं नाक लागलं. मग दुकानासमोर मागे घेताना शेजारच्या शिंप्याची बसायची लोखंडी खुर्ची चेपली. शिंपी तेव्हा चहा प्यायला उठला होता म्हणून निभावलं. प्रत्येक वेळी काका म्हणायचे, "खांब चुकीच्या जागी बांधलाय," "हातगाडी मध्येच आली," "खुर्चीचा रंगच रस्त्यासारखा आहे." आणि प्रत्येक वेळी ताई फक्त म्हणायच्या, "तेरा."

त्यांना रोज सकाळी गुडघ्याच्या व्यायामाला सोडायचं काम काकांकडे होतं. ताई पुढच्या सीटवर बसायच्या, काच खाली करून कोपर बाहेर काढायच्या आणि पोचेपर्यंत पुटपुटत राहायच्या. सिग्नलला गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या पार पुढे जाऊन थांबली, की पुटपुटणं मोठं व्हायचं.

शेवटी काका नंबर बदलून मागायला परिवहन कार्यालयात जाऊन आले. खिडकीतल्या बाईंनी त्यांना विचारलं, "कारण?" काकांना तेरा म्हणायची लाज वाटली. "घरगुती," ते म्हणाले. खिडकी बंद झाली.

त्यानंतर एक चमत्कार झाला. ताईंचं पुटपुटणं थांबलं. त्या प्रसन्न चेहऱ्याने गाडीत बसू लागल्या, इकडचं तिकडचं बोलू लागल्या. एकदा तर "गाडी चांगली पळते हो तुमची," असंही म्हणाल्या. काकांना वाटलं, माणूस आपल्या शहाणपणाला कधी ना कधी शरण येतंच. तेही जरा सावकाश चालवू लागले होते. महिना-दोन महिने कुठे ओरखडा उठला नाही. दंडाची नोटीस तर एकही आली नाही. शिंप्याला ते दोनदा म्हणाले, "आमच्या नावावर अजून एक कागद नाही."

आणि मग एका दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या.

उंच, दणकट बाई, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, सदऱ्याला कुठल्याशा कुत्र्याचे केस चिकटलेले. काकू गल्ल्यापाशी फ्रेमा पुसत होत्या. बाई आत येण्याआधी बाहेर उभ्या असलेल्या काकांच्या गाडीकडे बराच वेळ बघत होत्या. मग आत येऊन त्या सरळ तपासणीच्या खुर्चीत बसल्या.

"मला दूरचं नीट दिसतं का ते बघायचंय," त्या म्हणाल्या.

"समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचा," काका म्हणाले.

"तक्ता राहू द्या. त्या गाडीचा नंबर वाचते." त्यांनी दाराच्या काचेतून बाहेर बोट दाखवलं. "पाच, आठ, एक, चार."

काकांनी मान हलवली. गिऱ्हाइकाचा दोष सापडला, की त्यांच्या आवाजात माया यायची. "पाच, तीन, एक, चार. नंबर लागलाय तुम्हाला. घाबरू नका, या वयात लागतोच."

त्यांनी बाईंच्या डोळ्यांवर तपासणीची गोल फ्रेम चढवली आणि एक भिंग बसवलं. "आता?"

"आठ."

काकांनी भिंग बदललं. "आता?"

"आठच."

तिसरं भिंग लावलं, तेव्हा बाईंनी "आता गाडीच दिसत नाही," असं सांगितलं. चौथ्याला पुन्हा आठ. काका जरा चिंतेत पडले. असा हट्टी डोळा त्यांनी पाहिला नव्हता. मागे फ्रेम पुसण्याचा आवाज थांबला होता. त्यांनी वळून पाहिलं, तर काकू पडद्यामागे जात होत्या.

"चला, जवळ जाऊन बघू," बाई म्हणाल्या आणि गोल फ्रेम तशीच डोळ्यांवर ठेवून उठल्या.

दोघं रस्त्यावर आले. काका गाडीपुढे वाकले. आणखी वाकले. पाटीवर इंग्रजी आठ होता. चांगला गरगरीत आठ. त्यांनी डोळे चोळले, मग नखाने आकडा खरवडला. आठाच्या डाव्या बाजूने काळ्या चिकटपट्टीचं टोक वर आलं. तिनाची दोन्ही उघडी तोंडं कुणीतरी निगुतीने, कात्रीने गोलाई कापून बंद केली होती. मागच्या पाटीवरही तेच.

"ही गाडी माझी नाही," काका पुटपुटले. मग स्वतःच म्हणाले, "नाही, माझीच आहे."

"पाच आठ एक चार माझी आहे," बाई म्हणाल्या. "हीच कंपनी, हाच रंग. आणि तुमच्या सगळ्या नोटिसा माझ्या घरी येतात. तुम्ही सिग्नलला पट्टा ओलांडता, मला नोटीस. तुम्ही दुकानापुढे गाडी लावायची नाही तिथे लावता, मला नोटीस. एका फोटोत तुमच्या दुकानाच्या पाटीवरचा हा मोठा चष्मा आला म्हणून सापडलात."

"दंड मी भरतो," काका कसंबसं म्हणाले.

"दंडाचं बघू नंतर." बाईंनी पर्समधून एक फोटो काढला. "आधी हे सांगा, ही बाई कोण?"

फोटो सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने समोरून काढलेला होता. चालवणाऱ्याच्या तोंडावर ऊन पडलं होतं, टक्कल तेवढं कळत होतं. शेजारी एक भरभक्कम बाई ऐसपैस बसली होती, कोपर खिडकीबाहेर.

"माझ्या नवऱ्यालाही टक्कल आहे," बाई म्हणाल्या. "माझी गाडी घेऊन तो औषधं आणायला जातो. त्यामुळे गेले पंधरा दिवस तो दवाखान्यात, एका लंगड्या मेंढ्याशेजारी झोपतोय. शपथा घेऊन थकला बिचारा. मी विश्वास ठेवला नाही, आणि त्याच्या आईने तर त्याच्याशी बोलणंच टाकलंय."

ताई त्याच वेळी नेहमीप्रमाणे दुकानात यायला निघाल्या होत्या. त्यांनी दुरून तिघांचा घोळका पाहिला, कारण काकूही एव्हाना पडद्यामागून बाहेर येऊन, मान खाली घालून उभ्या होत्या. ताईंनी क्षणात ओळखलं. पण माघार घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"मीच लावलीय पट्टी," त्या पोचता पोचता म्हणाल्या. "हिने नुसती बॅटरी धरली. अठरा झाले, एक आणि आठ नऊ. पूर्ण आकडा. बघा, तेव्हापासून काही अपघात झाला का?"

"माझ्या घरात झाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि फोटो त्यांच्यापुढे धरला.

ताईंनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "ही मी नव्हे," त्या म्हणाल्या. "ही केवढी जाड आहे."

बाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. फोटोतली बाई हीच, हे त्यांना तरी पटलं, पण त्या म्हणाल्या, "मला पटून उपयोग नाही. सासूबाईंना पटलं पाहिजे. मी एकटी सांगितलं, तर म्हणतील नवऱ्याला पाठीशी घालते. तुम्ही सगळे आत्ताच्या आत्ता घरी चला, नाहीतर मी पोलिसांत चालले."

दुकानाचं शटर खाली आलं. शिंपी दोरा दातात धरून बघत राहिला.

डॉक्टरीणबाईंची सासू छोटीशी, वाळकी, लखलखीत डोळ्यांची म्हातारी होती. पायरीवर बसून तिने सगळी हकीकत ऐकून घेतली. मग हातातल्या फोटोकडे आणि ताईंकडे आळीपाळीने पाहिलं.

"ही ती नव्हे," म्हातारी म्हणाली. "फोटोतली जाड आहे. नवऱ्याला पाठीशी घालायला सुनेने आणलंय हिला कुठून तरी."

ताईंच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "मी तेच म्हणत होते," त्या म्हणाल्या.

"ताई," काकू इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्या बहिणीवर डोळे वटारून म्हणाल्या, "तो माणूस मेंढ्याशेजारी झोपतोय."

ताईंच्या मनात काय चाललं होतं ते काकांना स्पष्ट दिसत होतं; एवढं मात्र त्यांना चष्म्याशिवायही दिसायचं. एकीकडे एका परक्या माणसाचा संसार, दुसरीकडे स्वतःचा बांधा. शेवटी ताईंनी पदर सावरला.

"मीच ती," त्या म्हणाल्या. "मी बसले की पसरते."

"बसून दाखव," म्हातारी म्हणाली.

मग अंगणात प्रयोग झाला. काका गाडीत स्टिअरिंगपाशी बसले, ताई शेजारी. म्हातारी फोटो घेऊन गाडीपुढे उभी राहिली. "कोपर बाहेर," तिने हुकूम सोडला. ताईंनी कोपर काढलं. "अजून. आणि फोटोत आहे तसं, बोलत असल्यासारखं तोंड कर."

"तेरा," ताई चिडून पुटपुटल्या. "तेरा, तेरा."

"हं. हीच," म्हातारी म्हणाली. "हीच जाड आहे."

फाटकाबाहेर एक टकला माणूस दवाखान्याचा अंगरखा घालून कधीचा उभा होता. सुनेने फोन करून बोलावलेला. म्हातारीने त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "आत ये. जेवला नसशील." तो आत आला, पण आधी गाडीपाशी थांबला आणि ताईंचं बाहेर राहिलेलं कोपर दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "फार उपकार झाले." ताईंना हात आत घेता येईना. डॉक्टरीणबाई तोंड फिरवून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते, पण त्या हसत होत्या की रडत होत्या, हे काकांना कळलं नाही.

वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात मात्र कुणी हसलं नाही. पाटीत फेरफार हा गुन्हा आहे, असं तिथल्या साहेबांनी तिघांना तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तक्रार ओढून धरली नाही, म्हणून दंडावर भागलं आणि सगळ्या नोटिसा काकांच्या नावावर वळल्या. साहेबांनी ताईंना स्वतःच्या हाताने पट्टी काढायला लावली. ताईंनी ती काढली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि रस्त्यावर येऊन जाहीर केलं की आपण या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही. दुसऱ्या दिवसापासून व्यायामाला त्यांना डॉक्टरीणबाईंचा नवरा सोडू लागला. रस्ता त्याचा तोच होता आणि गाडीची बेरीज नऊ होती.

पट्टी काढली त्या संध्याकाळी काका-काकू दुकानात परतले तेव्हा काका गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले.

"दोन महिने रोज त्या पाटीसमोरून गेलो," ते म्हणाले. "रोज तीनच वाचला."

काकूंनी पुसलेलीच फ्रेम पुन्हा पुसायला घेतली.

"तुला माहीत होतं. पट्टीचं नाही म्हणत. माझ्या डोळ्यांचं."

"मागल्या वर्षापासून," काकू म्हणाल्या. "तुम्ही भात समजून दही कालवायला घेतलंत तो साबणाचा चुरा होता, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चारचौघांत डोळ्यांचं एवढं कौतुक सांगायचात. म्हटलं, तो अभिमान आपण कशाला मोडा."

काका हसले आणि म्हणाले, "बघ तर किती लागलाय." काकूंनी एक भिंग बसवून गोल फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि तक्त्याचा दिवा लावला. काकांनी वरपासून खालपर्यंत, सगळ्यात बारीक ओळीसकट, न अडखळता वाचून दाखवलं.

"तुम्हाला पाठ आहे तो," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं दुसऱ्यांना वाचायला लावताय. उठा."

त्यांनी काकांना हाताला धरून दारात नेलं. समोरून गाड्या जात होत्या. एक निळी गाडी शिंप्याच्या दुकानापाशी थांबली.

"तिचा नंबर वाचा."

काकांनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले. "सहा," ते म्हणाले. मग थांबले. "सहा किंवा आठ. पुढचा शून्य असावा."

काकूंनी पुढचं भिंग बसवलं.